एका मुखपृष्ठाची कैफियत



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकावे, अशी आजवरची आमची सवय. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. चालकांनी जेव्हा 'विषय तुम्हीच निवडा' असे सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बोनस, संप किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय असणार. आम्ही आमचा विषय सांगितला तेव्हा त्यांनी फोनवर दोनदा 'काय म्हणालात?' असे विचारले. विषय एवढाच की, चार विद्यार्थ्यांनी आमच्या युनियनच्या वेबसाइटचे मुखपृष्ठ तयार केले, त्यावरून कार्यकारिणीत वादळ उठले, आणि त्या मुलांनी आपण केलेल्या निवडीची कैफियत मांडली.

त्या वादात आम्ही फिर्यादी पक्षात होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. आज मुलांचे वकीलपत्र घेऊन उभे आहोत. वकिलाने पक्ष बदलला तर त्याने त्याचे कारण द्यावे लागते. ते कारण म्हणजेच आजचे हे व्याख्यान.

प्रथम मुखपृष्ठ म्हणजे काय ते पाहू. वेबसाइटचे नाव लिहिले की जे पहिले पान उघडते ते मुखपृष्ठ. पुस्तकाच्या मुखपृष्ठाशी त्याचे नाव जुळते, काम जुळत नाही. पुस्तकाचे मुखपृष्ठ दुकानातल्या गिऱ्हाइकाला बोलावते. वेबसाइटचे मुखपृष्ठ हे जुन्या वाड्याच्या देवडीसारखे आहे. आलेला माणूस कोण, कशासाठी आला, त्याला कोणत्या सोप्यात पाठवायचे, हे तिथे ठरते. देवडीवर हंड्या-झुंबरे टांगली आणि पाहुण्याला आत जायची वाट दाखवायला कोणी नसले, तर त्या झुंबरांचा उपयोग काय?

जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली लोकांसाठी खुली झाली. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने ती तयार केली होती. तिच्या पहिल्या पानावर एकही चित्र नव्हते. हे काय आहे, ते कसे वापरावे, कोणाला विचारावे, एवढा साधा मजकूर होता, आणि त्यातल्या शब्दांवरून पुढच्या पानांवर जाण्याच्या वाटा होत्या. ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न'ने ही सारी विद्या कोणताही मोबदला न घेता जगाला मोकळी करून दिली. ज्या विद्येचे दारच असे उघडे ठेवले गेले, तिच्यातून आमच्यासारख्यांनी मात्र दिवाळीच्या आरासाइतकी गजबजलेली पाने उभी केली.

आमचे जुने मुखपृष्ठ त्याच जातीचे होते. वर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावणारी लाल अक्षरांची पट्टी. तिच्याखाली एकामागून एक सरकणारे सात फोटो. त्यांपैकी पाचांत आम्ही स्वतः, हारासकट. पान कितीजणांनी पाहिले ते सांगणारा आकडा. मधोमध फडकणारा झेंडा. मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या टंकात असल्यामुळे तो दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हांसारखा दिसे. म्हणून ज्याने वेबसाइट केली त्याने पत्ता आणि फोन नंबर यांचेही चित्र करून चिकटवले होते. युनिकोडने १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला जागा दिलेली आहे. पण आम्हाला ते ठाऊक नव्हते, आणि ज्याला ठाऊक असायला हवे होते त्याने ते सांगितले नाही. चित्रातला नंबर बोटाने दाबून लावता येत नाही, शोधून सापडत नाही, अंधांना वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही तो कळत नाही. आम्हाला मात्र ते पान भारी वाटे. उघडायला वेळ लागे तोही आम्हाला भारदस्तपणाच वाटे!

आमच्या कार्यालयात संध्याकाळी कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालते. तिथे येणारी चार मुले, दोन मुलगे आणि दोन मुली, तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी त्यांनी आमचे मुखपृष्ठ मागितले. आम्ही ते आनंदाने दिले. रंग जरा ताजे होतील, फोटो नवे येतील, एवढीच आमची अपेक्षा.

मुलांनी पहिले तीन आठवडे संगणकाला हातच लावला नाही. कार्यालयातल्या बाकावर ती आळीपाळीने येऊन बसत. आत येणारा प्रत्येक माणूस पहिले वाक्य काय बोलतो, ते एका शंभर पानी वहीत लिहून ठेवत. नाव नाही, कारखाना नाही, फक्त पहिले वाक्य. ती वही पुढे आम्ही वाचली. 'दोन महिने पगार नाही.' 'उद्यापासून येऊ नको म्हणाले.' 'भावाचं बोट गेलं प्रेसमध्ये.' 'पीएफ कापतात, पण खात्यावर दिसत नाही.' 'साहेब आहेत का?' अशी शंभराच्या वर वाक्ये. झेंडा कुठे आहे, असे एकानेही विचारले नव्हते. अध्यक्ष दिसायला कसे आहेत, असेही नाही.

मग मुलांनी आपले पान कार्यकारिणीपुढे ठेवले. भिंतीवर पडदा लावला होता. पान उघडले आणि खोलीत शांतता पसरली. वर एक काळा चौकोन. त्यात पांढऱ्या, जाड अक्षरांत तीन ओळी: 'पगार मिळाला नाही', 'कामावरून काढले', 'अपघात झाला'. प्रत्येक ओळीवर बोट ठेवले की पुढचे पान उघडणार. त्याखाली कार्यालयाचा पत्ता, वेळ आणि फोन नंबर. एका कोपऱ्यात, 'हिंदी में पढ़िए'. आणि काळ्या चौकोनाच्या वरच्या कडेवर खडूने काढल्यासारखी एक इवलीशी चिमणी. बस्स.

आमचे खजिनदार पहिल्यांदा बोलले. 'हे काय, शोकपत्रक आहे का?' दुसरे म्हणाले, 'लाल रंग गेला कुठे? त्या रंगासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत.' तिसऱ्यांनी हिंदीला हरकत घेतली. आणि खोटे कशाला सांगावे, आम्हीही बोललो. आम्ही म्हणालो, 'बाळांनो, तीस वर्षे चळवळ चालवली, तिचे या पानावर नाव नाही, निशाण नाही, माणूस नाही. पोरखेळ झाला हा.' माणूस म्हणजे अर्थात आम्ही.

उत्तर द्यायला त्यांतली एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील ओतशाळेत आहेत. ती म्हणाली, 'काका, हे शोकपत्रक नाही. हा फळा आहे. तुमचाच.'

याचा अर्थ सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९३ पासून पुढे बारा वर्षे कारखान्याच्या गेटवरचा युनियनचा फळा आम्ही लिहीत असू. पाळी सुटली की माणसाला बस गाठायची असते. तो थांबत नाही. चालता चालता मान वळवतो, तेवढ्यात जे वाचून होईल ते त्याचे. आम्ही अनुभवाने शिकलो होतो की तीन ओळींच्या खाली चौथी लिहिली की चारही वाया जातात. अक्षर पंधरा पावलांवरून दिसले पाहिजे. आणि लाल खडू जपून वापरायचा. रोज लाल वापरला तर संपाच्या दिवशी काय वापरणार? हे नियम आम्ही कोठे लिहून ठेवले नव्हते. पण फळा लिहिताना हाताखाली खडू द्यायला जी तरुण पोरे उभी राहत त्यांना सांगत असू. त्यांत या मुलीचे वडील होते. त्यांनी घरी सांगितले, आणि वीस वर्षांनी आमचेच नियम आमच्यापुढे पुराव्यात दाखल झाले!

लाल रंगाबद्दल ती म्हणाली, 'लाल आहे, काका. 'अपघात झाला' यावर बोट ठेवा.' ठेवले. त्या पानावर एकच गोष्ट लाल होती: रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर. 'सगळंच लाल केलं असतं तर हा दिसला नसता. आणि काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून नुसता रंग न देता शेजारी 'आत्ता फोन करा' असं लिहिलंय.'

अक्षरांविषयी दुसरा मुलगा बोलला. वेबवरची पाने अपंगांनाही वापरता यावीत म्हणून जगन्मान्य नियमावली आहे. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची. पुढे तिच्यात असे ठरले की मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातला फरक निदान साडेचारास एक असावा. पांढरे आणि काळे यांत तो एकवीसास एक असतो, म्हणजे याहून जास्त होणे शक्यच नाही. देवनागरीत वर रफार, मात्रा, वेलांट्या आणि खाली उकार येतात. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो, म्हणून त्यांनी ओळींतले अंतर वाढवले होते. टंक घेतला तो मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला. कोणालाही विनामूल्य वापरता येतो. म्हणजे प्रत्येक गोष्टीमागे काही कारण होते, आणि ते विचारल्याबरोबर सांगता येत होते. आमच्या हरकतींमागे मात्र 'बरे दिसत नाही' यापलीकडे काही नव्हते.

हिंदीचा प्रश्न थोडा नाजूक. तिथे आम्हालाच एक जुना कायदा आठवला. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात असे कलम होते की, नोकरीचे नियम मालकाने इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावले पाहिजेत, आणि तेही बहुसंख्य कामगार ज्या दारातून आत जातात त्या दाराशी, खास फळ्यावर. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने आता त्या कायद्याची जागा घेतली आहे. पण आमच्या उमेदीची कितीतरी वर्षे त्या एका कलमासाठी भांडण्यात गेली. मालक नियम लावत, पण मॅनेजरच्या खोलीत, कपाटाच्या मागे. आम्ही ओरडत असू: 'दाराशी लावा! समजेल अशा भाषेत लावा!' आज आमच्या वसाहतीत भट्टीपुढे उभी असलेली कितीतरी माणसे बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली आहेत. पान मराठीत आहे, मराठीतच राहील. ते आमचे घर आहे. पण घरी आलेल्या जखमी माणसाला आधी पाणी द्यायचे, भाषा नंतर विचारायची. मालकाकडून आम्ही जे मागितले, ते आमच्या दारावर नसावे काय?

राहिली चिमणी. खजिनदार म्हणाले, 'आम्ही कारखान्याची चिमणी काढायला सांगितली होती, हिने पक्षी काढून ठेवला!' सगळे हसले. आम्ही विचारले, 'मुली, बाकी सगळ्याची कारणे दिलीस. हिचे काय कारण?' ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'कारण नाही, काका. मला आवडली.'

या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या गावचा सुतार दाराची चौकट करी, तेव्हा माप, लाकूड, सांधा यांत एका सुताची गफलत होऊ देत नसे. पण काम संपता संपता चौकटीच्या कोपऱ्यात एक पान किंवा पोपट कोरून ठेवी. त्याचे पैसे त्याला मिळत नसत. तो पोपट दाराच्या उपयोगाचा नव्हता. पण हे दार कोणा माणसाने केले आहे, हे त्यावरून कळे. कामगाराने दिवसभर दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे काम करायचे असते. त्याला स्वतःचा असा एक कोपरा मिळावा, ही तर आमच्या चळवळीचीच मागणी. चौकट चोख बसवणाऱ्याला कोपऱ्यातल्या पोपटाचा जाब विचारू नये. मात्र ज्याचे दार लागत नाही त्याने पोपट कोरत बसू नये, हेही तितकेच खरे. आमच्या जुन्या पानावर नुसते पोपटच होते.

तरीही त्या दिवशी आम्ही मान तुकवली नाही. ठराव पुढे ढकलला. आमचे मन वळले ते घरी जाऊन ती वही वाचताना. तिच्यात एक वाक्य होते: 'तुमचा नंबर शोधत होतो, लागला नाही.' शेजारी मुलांनी तारीख टाकली होती. ती पाहून तो माणूस आम्हाला आठवला. त्याला धमकावून राजीनाम्यावर आणि हिशेबाच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. सही करण्यापूर्वी पाच दिवस त्याच्यावर दडपण चालू होते. त्या पाच दिवसांत त्याने आमचे पान उघडले होते. चित्रातला नंबर बघून एकेक आकडा त्याने फोनवर उतरवला. पण तो टेलिफोन बंद होऊन दोन वर्षे झाली होती. पत्ताही जुना, कार्यालय दुसऱ्या गल्लीत गेले होते. सहाव्या दिवशी त्याने सही केली, आणि विचारत विचारत आमच्यापर्यंत आला तो नंतर. सहीनंतर लढाई किती अवघड होते, ते इथे बसलेल्या वकील मंडळींना सांगायला नको. आम्ही त्याला त्या वेळी रागावलो होतो. 'आधी का नाही आलास?' असे त्याला विचारले होते. तो आला होता, बंधुभगिनींनो. तो आमच्या मुखपृष्ठावर आला होता. तिथे त्याला आमचे पाच फोटो भेटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना बोलावून पान मंजूर झाल्याचे सांगितले. खजिनदारांना आम्ही ती वही वाचायला दिली. त्यांनी पुन्हा हरकत घेतली नाही.

आता मुलांचे सगळेच बरोबर होते असे कोणी समजू नये. वकिलाने अशिलाच्या चुका लपवू नयेत. मंजुरीनंतर आम्हीच एक अट घातली: गेटवर जाऊन दाखवा. दुपारच्या उन्हात पाळी सुटली तेव्हा मुलांनी कामगारांच्या हाती त्यांचेच फोन देऊन पान उघडायला सांगितले. काळ्या चौकोनाखालचा मजकूरही मुलांनी काळ्यावर पांढरा ठेवला होता. खोलीत तो उत्तम दिसत होता. उन्हात त्या काळ्या काचेचा आरसा झाला. एक जण म्हणाला, 'यात माझंच तोंड दिसतंय.' एकवीसास एकाचा हिशेब सूर्यापुढे फिका पडला! त्या मुलीचा चेहरा उतरला, पण तिने युक्तिवाद केला नाही. चार दिवसांनी पान बदलून आले: वर तीन ओळींचा काळा फळा आणि अक्षरे आणखी मोठी, खाली वाचायचे सारे पांढऱ्यावर काळे. सभेत तिने आमच्यापुढे माघार घेतली नव्हती. गेटवर त्या कामगारापुढे घेतली. कोणापुढे ठाम राहायचे आणि कोणापुढे नमायचे, हे जिला विशीत कळले तिला आम्ही काय शिकवावे?

या मुलांना परीक्षेत काय मिळाले, असे आपण विचाराल. गुण बेताचेच मिळाले. पान फार साधे आहे, हलती चित्रे नाहीत, कौशल्य दिसत नाही, असा शेरा होता. तोंडी परीक्षेआधी 'थोडी आरास घाला, गुण वाढतील' असा सल्लाही त्यांना मिळाला होता. घातली असती तर आम्ही दोष दिला नसता. गुणांवर नोकरी अवलंबून असते. त्यांनी घातली नाही. पान जड झाले की हलक्या फोनवर, कमी रेंजमध्ये ते उघडत नाही, हे त्यांनी वस्तीत जाऊन पाहिले होते. काय घातले ते परीक्षकाला दिसते; काय गाळले ते दिसत नाही, आणि खरे कसब पुष्कळदा गाळण्यातच असते.

गाळण्याची ही विद्या आमच्या चळवळीला नवी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्या काळच्या गिरणीतली दुःखे मोजायला बसले असते तर ग्रंथ झाला असता. अर्जात मागण्या पाचच: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याची सोय. निरक्षर माणसालाही बोटांवर मोजता याव्यात इतक्याच. १० जून १८९० रोजी रविवारच्या सुटीचा निर्णय झाला. लोखंड्यांना वेबसाइट ठाऊक नव्हती. पण मुखपृष्ठ कसे लिहावे हे त्यांना पुरते ठाऊक होते.

म्हणून इथे जे विद्यार्थी बसले असतील त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. तुमच्या रचनेला कोणी नावे ठेवली तर रागावू नका, आणि लगेच पुसूही नका. कारण द्या. 'मला असे वाटले' यापेक्षा 'मी अमक्या माणसाजवळ बसलो, तो असे बोलला' हे कारण भक्कम असते. ज्यांच्यासाठी पान केले त्यांच्या हाती ते देऊन पाहा. त्यांच्यापुढे हरलात तर आनंदाने हरा. आणि एखादी चिमणी मात्र विनाकारण राहू द्या.

आमच्या वयाच्या मंडळींनाही एक विनंती. आपण मालकाकडे आयुष्यभर कारणे मागितली. आरोपपत्र द्या, खुलासा ऐकून घ्या, मगच शिक्षा करा, हे आपले पालुपद. घरातल्या, शाळेतल्या, संस्थेतल्या मुलांच्या बाबतीत मात्र आपण खुलासा न ऐकताच निकाल देतो. त्यांचीही कैफियत ऐकावी. कधी कधी तिच्यात आपलाच विसरलेला फळा सापडतो.

ते पान आज चालू आहे. त्यावर आमचा फोटो नाही. तिसऱ्या ओळीच्या पानावर लाल अक्षरांतला जो नंबर आहे तो रात्री आमच्या उशाशी असतो. परवा पहाटे दोन वाजता तो वाजला. आजची गोष्ट संपवून आम्हाला त्याच माणसाला भेटायला रुग्णालयात जायचे आहे.